चिकटून बसलेले चार कार्ब्युरेटर सुटे करताना

चार सिलिंडरांच्या जुन्या जपानी मोटरसायकलींवर चार कार्ब्युरेटर एका ओळीत, लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांना जखडून बसवलेले असतात, आणि तो सगळा संच एकच अवयव आहे असे मानून काम करण्याची पद्धत आहे. टाकी उतरवायची, संच इंजिनापासून ओढून काढायचा, खालच्या पेट्रोलच्या वाट्या उघडून जेट (पेट्रोल मापात सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी नळ्या) साफ करायचे आणि संच होता तसा परत चढवायचा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. माझ्याकडे आलेल्या १९८० सालच्या सुझुकी जीएस ८५० जी या गाडीचे मात्र तेवढ्यावर भागणार नव्हते. पेट्रोलचा कॉक ‘प्राइम’वर, म्हणजे इंजिन बंद असतानाही पेट्रोल वाहील असा, ठेवला की पहिल्या आणि दुसऱ्या कार्ब्युरेटरच्या मधल्या फटीतून थेंब पाझरू लागत. वाट्यांचे सांधे कोरडे होते, म्हणजे गळतीचे मूळ दोन कार्ब्युरेटरांना जोडणाऱ्या नळीच्या ओ-रिंगांत, म्हणजे गळती अडवणाऱ्या गोल रबरी कड्यांत होते. ही नळी दोन्ही बाजूंनी कार्ब्युरेटरांच्या अंगात घुसलेली असते, त्यामुळे तिच्या ओ-रिंगा बदलायच्या तर संच सुटा करण्यावाचून गत्यंतर नसते.

जीएस ८५० जी ही गाडी सुझुकीने १९७९ साली बाजारात आणली. ८४३ सीसीचे इंजिन, साखळीऐवजी शाफ्टने फिरणारे मागचे चाक आणि लांबच्या प्रवासाला साजेसा जडपणा ही तिची ओळख. पहिल्या वर्षी तिच्यावर मिकुनीचे साधे, स्लाइड उचलणारे कार्ब्युरेटर होते. १९८० पासून त्यांच्या जागी मिकुनीचेच बीएस ३२ जातीचे, निर्वात दाबावर चालणारे कार्ब्युरेटर आले. त्यांत ॲक्सिलरेटर फिरवल्यावर फक्त बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली चकतीसारखी झडप, उघडतो आणि पेट्रोलची सुई धरून ठेवणारा पिस्टन वरच्या रबरी पडद्यावर येणाऱ्या ओढीने आपला आपण उचलला जातो. सांगलीत वाढलेल्या माझ्या पिढीला सुझुकी हे नाव १९८४ साली आलेल्या इंड-सुझुकी एएक्स १०० मुळे ठाऊक झाले. त्या गाडीला एक सिलिंडर आणि एक कार्ब्युरेटर, तोही रस्त्याच्या कडेला उकिडवे बसून काढता-घालता येण्याजोगा. त्या सवयीच्या माणसाला चार कार्ब्युरेटरांची ओळ पाहिल्यावर प्रथम थोडे दडपण येते, हे कबूल करायला हरकत नाही.

गाडी इथे ओहायोत एका शेतघराच्या कोठारात कित्येक वर्षे उभी होती. अमेरिकेत सर्रास मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. गाडी उभी राहिली की पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे तपकिरी, राळेसारखा चिकट थर उरतो. इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते आणि ते पाणी वाटीच्या तळाशी, जेटभोवती, नळ्यांच्या तोंडाशी साचून राहते. कार्ब्युरेटरचे अंग जस्ताच्या किंवा ॲल्युमिनियमच्या ओतीव मिश्रधातूचे, जेट पितळेचे आणि स्क्रू पोलादाचे. असे निरनिराळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की त्यांतला हलका धातू झिजतो आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ही भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते, म्हणून भोकात बसलेली वस्तू ती चारी बाजूंनी आवळून धरते. संच ‘चिकटला’ असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टी घडलेल्या असतात: कुठे राळ वाळलेली असते, कुठे भुकटीने आवळलेले असते, तर कुठे कारखान्यातच आट्यांना चिकटद्रव्य लावलेले असते. राळ द्रावणात विरघळते, भुकटी विरघळत नाही, आणि चिकटद्रव्य उष्णतेशिवाय सैल होत नाही. कोणत्या सांध्याला काय धरून बसले आहे हे ओळखण्यात या कामाचे निम्मे श्रम आहेत.

संच उतरवण्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. एअर-बॉक्सकडची (हवा गाळणाऱ्या पेटीकडची) रबरे थंडीत दगडासारखी कडक होतात, म्हणून ती हेअर ड्रायरने ऊबदार करून घ्यावीत आणि मगच संच मागे झुकवून ओढावा. उतरवल्यावर प्रत्येक कार्ब्युरेटरच्या अंगावर चालकाच्या डाव्या हाताकडून १ ते ४ असे आकडे कोरणीने हलकेच उमटवले, कारण शाईचे आकडे पुढे द्रावणात टिकत नाहीत. मग सर्व बाजूंनी छायाचित्रे घेतली. छायाचित्रे घेताना एकेका स्प्रिंगचे टोक कशात अडकले आहे हे दिसेल इतक्या जवळून घ्यावीत. लांबून घेतलेले देखणे छायाचित्र जुळणीच्या वेळी काही कामाचे नसते. वरची झाकणे उघडून पिस्टन आणि त्यांचे रबरी पडदे मी आधीच काढून वेगळ्या डब्यात ठेवले. कार्ब्युरेटर साफ करण्याचे फवारे या पडद्यांना लागले तर रबर फुगते, आणि नवे पडदे मिळणे सोपे नाही.

आता पट्ट्यांचे स्क्रू. चारही कार्ब्युरेटर वर एक आणि खाली एक अशा दोन पट्ट्यांनी बांधलेले असतात, आणि त्या पट्ट्यांचे स्क्रू या कामातली सर्वांत बदनाम गोष्ट आहे. त्यांची डोकी मऊ, आट्यांना कारखान्याचे चिकटद्रव्य, आणि वरून ४० वर्षांचा गंज. पण त्यांची डोकी खराब होण्याचे खरे कारण वेगळेच असते. जपानी गाड्यांवरचे अधिक-चिन्हाच्या खाचेचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे असले तरी ते जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे, म्हणजे ‘जेआयएस’ मापाचे असतात. फिलिप्सच्या टोकाचा उतार आणि कोपऱ्यांची गोलाई त्या खाचेशी जुळत नाही, त्यामुळे स्क्रू ड्रायव्हर तळापर्यंत न बसता वरच्या वर टेकतो, जोर पडताच उसळून बाहेर येतो आणि येताना खाचेच्या भिंती कुरतडून नेतो. पुष्कळ जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीकसा ठिपका खोदलेला असतो, त्यावरून ते ओळखू येतात. माझ्या संचावर ठिपके स्पष्ट दिसत होते. त्याचबरोबर आधीच्या कोणीतरी चुकीच्या ड्रायव्हरने केलेल्या खटपटीच्या खुणाही दिसत होत्या, विशेषतः खालच्या पट्टीवर.

जेआयएस टोकांचा ड्रायव्हर मागवला, आणि त्यातही हातोडीने मागे ठोका मारल्यावर टोक डावीकडे किंचित फिरते असा मागवला. टोक खाचेत बसवल्यावर ड्रायव्हर हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल तर माप चुकले आहे, आणि अशा वेळी पुढच्या नंबरचे टोक लावून पाहावे. खाच तळापर्यंत साफ असणे फार महत्त्वाचे आहे. रंगाचा किंवा मातीचा एवढासा कण तळाशी राहिला तरी टोक वर उचलले जाते, म्हणून प्रत्येक खाच मी टाचणीने कोरून, पुसून घेतली. ज्यांच्या खाचा आधीच थोड्या गेल्या होत्या तिथे टोकाला व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टचा ठिपका लावला. त्या पेस्टमधल्या खरखरीत कणांमुळे टोक घसरत नाही, आणि ही युक्ती मला इथे कोणी शिकवलेली नाही. सांगलीच्या गॅरेजात ती लहानपणीच पाहिलेली होती.

ठोके मारताना संच कशावर टेकवला आहे याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. कार्ब्युरेटरचे ओतीव कान पातळ असतात आणि बटरफ्लायच्या दांड्या बारीक. संच टेबलावर तसाच आडवा ठेवून ठोकला तर सगळा भार एखाद्या कानावर किंवा दांडीवर येतो. मी वाळू भरलेल्या कापडी पिशवीवर संच असा बसवला की, ज्या कार्ब्युरेटरचा स्क्रू सोडवायचा त्याच्या बरोबर खाली पिशवीचा आधार येईल. स्क्रूभोवती हॉट एअर गनने उष्णता दिली, टाकीतला, नळीतला आणि वाट्यांतला पेट्रोलचा शेवटचा थेंब काढून, गॅरेजचे दार उघडे ठेवून. उष्णतेचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. १०० अंश सेल्सिअसने तापमान वाढले तर एक मीटर लांबीचे पोलाद साधारण १.२ मिलिमीटर वाढते, पितळ १.९, ॲल्युमिनियम २.३, आणि जस्ताचा मिश्रधातू त्याहूनही थोडा जास्त. म्हणजे पोलादी स्क्रू आणि ॲल्युमिनियमचे अंग एकत्र तापवले तर भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठे होते. ५ मिलिमीटर व्यासाच्या भोकात हा फरक एका मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पाच-सहा भाग इतकाच पडतो, पण आवळलेल्या भुकटीला तडा जायला तो पुरतो, आणि चिकटद्रव्यही दीडशे अंशांच्या आसपास व त्यापुढे मऊ पडू लागते. जस्ताचा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच वितळतो, म्हणून इथे ज्योतीचा दिवा वापरण्याचा मोह टाळावा.

वरच्या पट्टीचे स्क्रू एकेका ठोक्याला ‘कट्’ असा लहान कोरडा आवाज करून सुटत गेले. या आवाजाचा मला नंतर इतका सराव झाला की तो आला नाही तर ड्रायव्हर फिरवायचाच नाही, परत तापवायचे, असा नियम करून टाकला. खालच्या पट्टीवरचा तिसऱ्या कार्ब्युरेटरचा एक स्क्रू मात्र कशालाच दाद देईना. त्याची खाच आधीच वाटोळी झालेली होती आणि पेस्टनेही टोक धरून राहत नव्हते. अशा वेळी खाचेचा नाद सोडून डोकेच उडवून टाकणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे. डाव्या पिळाचा ड्रिल डोक्याच्या बरोबर मध्ये धरून सावकाश चालवला. डोक्याची चकती सुटून ड्रिलवर चढली, पट्टी मोकळी झाली आणि अंगात राहिलेला स्क्रूचा ठोंब पट्टीच्या जाडीइतका वर दिसू लागला. पट्टीचा ताण गेल्यावर तोच ठोंब तापवून ग्रिप प्लायरने धरताच फारसे आढेवेढे न घेता फिरला. डोक्याखालचा दाब हीच त्याची मुख्य पकड होती, आटे चांगले होते.

पट्ट्या निघाल्या तरी संच सुटत नाही, कारण मध्ये चोकची दांडी असते. या गाडीत चोक म्हणजे हवेचा मार्ग बंद करणारी झडप नाही. प्रत्येक कार्ब्युरेटरमध्ये एक लहान दट्ट्या आहे, तो उचलला की इंजिन थंड असताना लागणारे जास्तीचे पेट्रोल सुटते. चारही दट्टे एकाच दांडीवरच्या चिमट्यांनी उचलले जातात आणि प्रत्येक चिमटा एका बारीक स्क्रूने दांडीवर घट्ट केलेला असतो. त्या स्क्रूची टोके दांडीवरच्या खळग्यांत बसतात, त्यामुळे स्क्रू थोडा सैल करून दांडी ओढून भागत नाही. तो खळग्यातून पूर्ण वर यावा लागतो, नाहीतर दांडीवर ओरखडे उठतात आणि ती पुढच्या भोकात अडकते. माझी दांडी दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्ब्युरेटरच्या मध्ये गंजलेली होती. ओढण्याआधी तिचा उघडा भाग बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत केला, तेल लावले आणि ओढण्याऐवजी ती पकडीने गोल फिरवत राहिलो. कापड गुंडाळून पकड धरावी, म्हणजे दांडीला दात लागत नाहीत. फिरू लागलेली दांडी बाहेर येतेच.

यानंतर वास्तविक चारही कार्ब्युरेटर हाताने ओढून सुटे व्हायला हवे होते. पहिला आणि दुसरा झाले. त्यांच्या मधून निघालेल्या नळीच्या ओ-रिंगा गोल राहिलेल्याच नव्हत्या. त्या चौकोनी पडून इतक्या कडक झाल्या होत्या की, नखाने उचलताच वाळलेल्या चिंचेच्या टरफलासारख्या कडकन मोडल्या. गळती तिथूनच होती. दुसरा आणि तिसरा सुटे करताना बटरफ्लाय जोडणाऱ्या लिव्हरांमधली स्प्रिंग उडते, म्हणून तो सांधा मी एका मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडला, आणि स्प्रिंग खरोखरच पिशवीत जाऊन पडली. ज्यांनी गॅरेजच्या फरशीवर रांगत स्प्रिंग शोधली असेल त्यांना या पिशवीचे महत्त्व सांगायला नको.

तिसरा आणि चौथा मात्र हलेनात. त्यांच्या मधली नळी दोन्हीकडे भुकटीने आवळली होती; नळीच्या कडेने पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. दोन कार्ब्युरेटरांच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून तिरपे दाबणे हा अशा वेळी सुचणारा पहिला उपाय असतो, आणि तोच सर्वांत घातक. एका बाजूने दाबले की नळी वाकडी होऊन भोकात आणखी रुतते, आणि ओतीव अंगाची कड तुटली तर ती पुन्हा जोडता येत नाही. मी ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल निम्मे-निम्मे मिसळून ते थेंबाथेंबाने त्या रेघेवर सोडत राहिलो. हे मिश्रण इथल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांत बरेच लोकप्रिय आहे. रात्रभर मुरू दिले, सकाळी हलवून पाहिले, काही फरक पडला नाही.

मग सांगलीच्या मिस्त्री काकांना फोन लावला. त्यांनी आयुष्यभर येझदी आणि राजदूत खोलल्या-जोडल्या, चार कार्ब्युरेटरची गाडी त्यांनी कधी पाहिलेली नाही. व्हिडिओवर संच दाखवल्यावर त्यांनी तो थोडा जवळ धरायला लावला, थोडा वेळ पाहिले आणि म्हणाले, “तुझ्या त्या तेलानं वरचा गंज भिजंल, आतला न्हाई. गरम कर, गार कर, परत गरम कर. आन् ओढू नगंस, नुसतं हलव.”

“काका, एवढं तापवलं तर आतली रबरं जातील की.”

“जाऊ देत. ती बदलायलाच खोललंयस न्हवं?”

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. पडदे आधीच निघाले होते, फ्लोट (वाटीतली पेट्रोलची पातळी राखणारे तरंगे) आणि त्यांच्या सुया मी काढून घेतल्या. आता आत जे काही रबर होते ते नाहीतरी टाकायचेच होते. जुन्या वस्तूंच्या दुकानातून खास या कामासाठी आणलेल्या पातेल्यात पाणी उकळून दोन्ही कार्ब्युरेटर तसेच जोडलेले त्यात बुडवले. स्वयंपाकघरातले पातेले यासाठी वापरू नये, हे घरात शांतता राहावी म्हणूनही आणि पेट्रोलच्या वासासाठीही. उकळत्या पाण्याचा फायदा असा की, तापमान शंभर अंशांच्या वर जाऊच शकत नाही आणि उष्णता सगळ्या अंगाला सारखी लागते. हॉट एअर गनने एक बाजू तापते आणि दुसरी गार राहते. बाहेर काढून जाड हातमोजे घालून एक कार्ब्युरेटर डाव्या हातात, दुसरा उजव्या हातात धरला आणि कपडे पिळावेत तसा नव्हे, तर अगदी केसभर पुढे-मागे हलवत राहिलो. संच गार झाला की त्या रेघेवर पुन्हा तेलाचे थेंब सोडले, कारण गार होताना आकसणारी फट तेल आत ओढून घेते. पुन्हा उकळले, पुन्हा हलवले. होता होता एका फेरीला नळीच्या कडेची पांढरी रेघ मध्येच तुटलेली दिसली. हाताला काही जाणवायच्या आधी डोळ्यांना दिसले होते. त्यानंतरच्या फेरीत चौथा कार्ब्युरेटर नळीभोवती किंचित फिरला आणि तपकिरी तेलाचा एक बुडबुडा सांध्यातून वर आला. तिथून पुढे दोन्ही बाजूंना समोरासमोर लाकडाच्या पातळ पाचरी आळीपाळीने अगदी हलक्या हाताने सरकवत नेल्या आणि नळी सरळ बाहेर आली. तिच्या घड्या-खळग्यांतली भुकटी नखाने निघण्यासारखी नव्हती. पितळेच्या बारीक ब्रशने ती घासून काढावी लागली. भोकांच्या आतल्या भिंती मात्र पोलादी ब्रशने घासू नयेत, कारण त्यांवरचा एक खोल चरा पुढे नव्या ओ-रिंगलाही दाद देत नाही.

आतल्या सफाईचा तपशील सगळीकडे सारखाच असतो, म्हणून त्यातल्या दोनच गोष्टी नोंदवतो. अमेरिकेत १९७८ सालापासूनच्या मोटरसायकलींना धुराचे नियम लागू झाले आणि त्यामुळे या गाडीवर हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा स्क्रू धातूच्या बुचाखाली बंद केलेला आहे. तो कधीच बाहेर निघालेला नसतो, आणि ज्या ओ-रिंगवर मंद गती, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावरची इंजिनाची चाल, अवलंबून असते ती त्याच्याच खाली असते. बूच बारीक ड्रिलने भोक पाडून काढावे लागते, पण ड्रिल बुचातून पार होताच थांबायला हवा, म्हणून ड्रिलच्या टोकापासून थोड्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळून घ्यावी. दुसरी गोष्ट मंद गतीच्या जेटची. हा जेट एका रबरी बुचाखाली लपलेला असतो. ते रबर परत बसवायचे राहिले तर जेट मुख्य जेटऐवजी थेट वाटीतून पेट्रोल ओढतो आणि इंजिन कितीही खटपट केली तरी एकसारखे चालत नाही. त्याचे भोक इतके बारीक असते की ते साफ झाले असे मानू नये, उजेडाकडे धरून गोल ठिपका दिसतो का ते पाहावे.

ओ-रिंगा निवडताना मी फ्लोरोकार्बन रबराच्या, म्हणजे ज्याला बाजारात व्हायटन म्हणतात त्याच्या घेतल्या. साध्या नायट्राइल रबराच्या तुलनेत इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला त्या चांगल्या तोंड देतात. भारतातही आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जात असल्यामुळे जुनी राजदूत किंवा येझदी सांभाळणाऱ्यांनीही रबरांचा हा फरक लक्षात घ्यावा असे वाटते. काही बारीकसारीक सुटे भाग ओहायोत दर जुलैमध्ये मिड-ओहायो शर्यतपथावर भरणाऱ्या जुन्या मोटरसायकलींच्या मेळ्यात मिळाले. तिथल्या मांडण्यांवर पुठ्ठ्याच्या खोक्यांतून असे संच ढिगाने पडलेले असतात आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पट्ट्यांच्या स्क्रूंची डोकी अर्थातच वाटोळी झालेली असतात.

जुळणीत सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे चारही कार्ब्युरेटर एका पातळीत येणे. नळ्यांना सिलिकोन ग्रीसचा हात लावून त्या भोकांत बसवल्या, चोकची दांडी ओवली, स्प्रिंगा छायाचित्रांप्रमाणे अडकवल्या आणि इंजिनाकडची तोंडे खाली येतील असा संच जाड काचेवर उभा ठेवला. पट्ट्यांचे स्क्रू आधी नुसते टेकवले. मग एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न जाता मधूनच सुरुवात करून थोडे थोडे आवळत गेलो, आणि प्रत्येक वेळी बटरफ्लाय उघडून सोडला की तो खट्कन मिटतो का ते पाहिले. पट्टी वाकडी ओढली गेली तर दांड्या एका रेषेत राहत नाहीत आणि बटरफ्लाय आळसटल्यासारखा सावकाश मिटतो. जुन्या स्क्रूंच्या जागी षट्कोनी खाचेचे स्टेनलेसचे स्क्रू घातले. स्टेनलेस ॲल्युमिनियममध्ये कोरडे घालणे बरे नव्हे, म्हणून आट्यांना हलक्या प्रतीचे, पुढे हाताच्या पान्याने सुटू शकेल असे चिकटद्रव्य लावले. ते ओलाव्यालाही आडकाठी करते.

फ्लोटची उंची वाटीच्या गॅस्केटच्या पृष्ठभागापासून २२.४ मिलिमीटर ठेवायची असते. गॅस्केट काढून, संच असा तिरपा धरून मोजावी की फ्लोटची जीभ सुईला नुसती टेकेल, तिची स्प्रिंग दाबली जाणार नाही. त्यानंतर गाडीवर चढवण्याआधी संच गाडीत बसतो त्याच कोनात शिकंज्यात धरला, वर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल सोडले आणि खाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. सकाळी कागद कोरडा होता. ही परीक्षा टाळून संच सरळ गाडीवर चढवणारे बरेच असतात. गळती सापडली तर टाकी, एअर-बॉक्स, रबरे हे सगळे पुन्हा उतरवावे लागते, आणि वर पुन्हा त्या चार रबरी नळकांड्यांत संच घुसवण्याची कसरत.

चढवताना इंजिनाकडच्या रबरी नळकांड्यांखालच्या ओ-रिंगाही बदलून घेतल्या. त्यांचेही स्क्रू इंजिनाच्या डोक्यात असेच जाम झालेले होते, पण तोवर हात बसला होता. मग चारही सिलिंडरांची ओढ मोजणारा चार घड्याळांचा निर्वात मापक लावून आधी पहिला दुसऱ्याशी, नंतर चौथा तिसऱ्याशी आणि शेवटी मधल्या स्क्रूने डावी जोडी उजव्या जोडीशी जुळवली. समोर मोठा पंखा लावणे आवश्यक असते, कारण हे हवेवर थंड होणारे इंजिन आहे आणि गाडी जागेवर उभी असते. घड्याळांचे काटे एका रेषेत आल्यावर मंद गती हजार-अकराशे फेऱ्यांवर स्थिर झाली. मिश्रणाचे चारही स्क्रू त्यानंतर एकेक करून इंजिन सर्वांत जास्त वेगाने फिरेल तिथे आणून ठेवले. चौथ्या कार्ब्युरेटरचा इतरांपेक्षा अर्धा फेरा जास्त उघडा राहिला, आणि पहिल्या लांब फेरीनंतर काढलेल्या प्लगचा रंग इतर तिघांसारखाच फिका तपकिरी निघाल्यामुळे मी तो तसाच ठेवला आहे.